खोकायचं कपाट

घर आमचं होतं आणि आम्ही त्यात चोरासारखे वावरायचो. बाहेरच्या खोलीच्या दारावर लाल दिवा लागला की नळ बंद, मिक्सर बंद, चपला हातात. पाहुणा येऊन बेल वाजवेल म्हणून बेलची वायरच नवऱ्याने काढून ठेवली होती. लोक घर घेतात तेव्हा मोकळा श्वास घेतात म्हणे. आम्ही घर घेतलं आणि श्वाससुद्धा हळू घ्यायला लागलो.

हे सगळं सुरू झालं एका फुकटच्या भाषणापासून. 'कमी पैशात घरमालक व्हा' असं त्या भाषणाचं नाव होतं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं आणि चहाही फुकट होता. मला तिथेच शंका यायला हवी होती. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. हाताने हुशार, मनाने उतावळा. भाषणाहून आला तो डोळे चमकवतच.

"अगं, सोपं आहे," तो म्हणाला. "दोन खोल्यांचं घर घ्यायचं. चांगली खोली भाड्याने द्यायची. भाड्यातून बँकेचा हप्ता जातो. घर आपलं, पैसे दुसऱ्याचे!"

"आणि आपण कुठे राहायचं?"

"आतल्या खोलीत. वर्षभराचा तर प्रश्न आहे. वर्षभर हप्ते वेळेवर गेले की बँक दुसऱ्या घराला कर्ज देते. मग तिसरं."

"पी हळद अन् हो गोरी," मी म्हटलं.

पण सासूबाईंनी ऐकलं होतं. त्या मुलाचं सगळंच ऐकायच्या. सूतगिरणीतून निवृत्त होताना मिळालेला फंड त्यांनी बँकेत तसाच ठेवला होता, एका पैशालाही हात न लावता. तो त्यांनी मुलाला देऊन टाकला. गिरणीने त्यांना आयुष्यात दोनच गोष्टी दिल्या, फंड आणि खोकला. कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. फंड घरात गेला आणि खोकला त्यांच्याकडे राहिला.

घर घेतलं, आणि त्या दिवसापासून आमचा जीव एका दोरीवर टांगलेला. भाडं आलं नाही तर हप्ता जाणार नाही, हप्ता गेला नाही तर घर जाणार, आणि घराबरोबर म्हाताऱ्या बाईची सगळी कमाई जाणार. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. माझ्या पगारात आणि नवऱ्याच्या पगारात मिळून घरखर्च भागायचा, हप्ता नाही. दोन भाडेकरू बघून गेले, परत फिरकले नाहीत. हप्त्याची तारीख जवळ आली तसा नवरा जेवताना बोलेनासा झाला. आणि मग आवाजवाले साहेब आले.

साहेब आवाजाचं काम करायचे. जाहिराती, सूचना, विम्याच्या अटी, जे लिहून येईल ते माइकसमोर वाचायचं आणि कंपन्यांना पाठवायचं. 'तिसरा मजला. दरवाजा बंद होत आहे,' हा लिफ्टमधला आवाज त्यांचाच, हे कळल्यावर नवरा असा हरखला की भाव करायचाच विसरला. माणूस सभ्य होता, हे कबूल करायला हवं. भाडं आगाऊ, अनामत भक्कम, बोलणं मऊ. सासूबाईंनी त्यांना नाव ठेवलं 'रेडिओ'.

"आपला रेडिओ जेवला का गं?" असं त्या विचारायच्या.

खोलीच्या भिंतींना साहेबांनी फोम लावला, खिडकीला जाड पडदे टांगले. मग दारावर लाल दिवा आला. मग तो दिवा सकाळी लागायचा तो दुपारीही लागायला लागला. भटाला दिली ओसरी, तशी गत. पण आम्ही कशाला बोलतोय? अनामत आम्ही घराच्या नोंदणीसाठी घेतलेले उसने पैसे फेडण्यात केव्हाच उडवली होती. गरजवंताला अक्कल नसते आणि असली तरी ती त्याला वापरता येत नाही.

एके दिवशी साहेबांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"ताई, माझं कुणाबद्दल काही म्हणणं नाही," ते म्हणाले. "पण आजींचा खोकला रेकॉर्डिंगमध्ये येतो. काल एका कंपनीने काम परत पाठवलं. मला दुसरीकडे एक जागा मिळतेय. तुमचं काही जमत असेल तर बघा, नाहीतर महिनाअखेरीस मी निघतो."

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. मान वर झाली नाही, पण हात थांबले होते.

त्या दिवसापासून त्यांनी खोकायचं सोडलं. म्हणजे सोडता येत नव्हतं, पण त्या प्रयत्न करायच्या. लाल दिवा लागला की टॉवेलचा बोळा तोंडाशी धरून आतल्या खोलीत कॉटवर बसायच्या. खोकला वर आला की सगळं अंग गदगदा हलायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहिला. पाहिला आणि गप्प बसले, कारण हप्त्याचा आकडा मलाही पाठ होता.

नवरा म्हणाला, "ताईकडे पाठवू या का तिला? थोडे दिवस?"

"तुमच्या ताईकडे दोन खोल्यांत सहा माणसं आहेत. सातवी कुठे टांगणार?"

"मग तू सांग!"

मग त्याने आपल्या पद्धतीने विचार केला. बिघाड दिसला की पाना काढायचा, ही त्याची पद्धत. आतल्या खोलीत भिंतीतलं एक मोठं कपाट होतं, गाद्या ठेवायचं. एका रविवारी त्याने गाद्या बाहेर काढल्या, फळ्या उचकटल्या, आतून फोम ठोकला. वर एक छोटा दिवा, खाली एक स्टूल. दाराच्या चारी कडांना जाड रबर. आणि कुलपाच्या जागी मोडीत काढलेल्या एका लिफ्टच्या दाराची कडी, कारण तशी घट्ट ओढून धरणारी कडी बाजारात मिळत नाही म्हणे.

"केबिन!" तो घाम पुसत म्हणाला. "खोकला आला की आत जायचं, दार ओढायचं, पोटभर खोकायचं. बाहेर टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही."

"अहो, ती तुमची आई आहे. तिला कपाटात ठेवणार?"

"ठेवणार काय? दोन मिनिटांचा प्रश्न आहे. तिला विचार."

सासूबाई स्टुलावर बसूनही बघून आल्या होत्या. "चांगलं केलंय गं पोराने," त्या म्हणाल्या. "दिवा पण लावलाय." आणि त्या हसल्या. त्या हसल्यावर माझं तोंड बंद झालं. ज्याचं दुखतं तोच हसायला लागला तर दुसऱ्याने काय बोलायचं?

आठवडाभर केबिन चालली. सासूबाई आत जायच्या, पण दार पूर्ण लावायच्या नाहीत. आतून दोरी बांधून ती हातात धरून ठेवायच्या. कडी बसेपर्यंत दार ओढायची त्यांना भीती वाटायची. त्या फटीतून थोडा आवाज यायचाच. साहेबांनी नवऱ्याला जिन्यात गाठून तेही सांगितलं, मऊ आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरता भरता, नवरा आईला म्हणाला, "आई, दार नीट ओढून घेत जा. कट् असा आवाज येईपर्यंत. अर्धवट लावलं तर एवढं करून उपयोग काय?"

"बरं बाळा," सासूबाई म्हणाल्या.

मी तेव्हा डोळ्यांसमोर चष्म्याची काच धरून ओरखडा शोधत होते. दुकानातलं काम घरी आणलं होतं. मी मान वर केली नाही.

त्या दिवशी दुकानातली घासायची मशीन बंद पडली आणि मालकाने आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर दाराच्या जाळीतून लाल दिवा लागलेला दिसला. चपला हातात घेतल्या, कुलूप आवाज न करता उघडलं, चवड्यांवर आत आले. दारामागून साहेबांचा आवाज येत होता, एकसारखा, शांत. विम्याच्या अटी वाचत होते. कुठल्या परिस्थितीत भरपाई मिळणार नाही, ते.

मला तहान लागली होती. नळ सोडता येत नव्हता. हंड्यातलं पाणी वाटीनेच घेतलं, भांड्याला भांडं लागू न देता. ओट्यावर सासूबाईंचा चहाचा कप होता, पूर्ण भरलेला. चहावर जाड साय धरली होती.

हे मला खटकलं. सासूबाईंनी चहा कधी टाकला नाही. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत चहा थंड झाला तर भोंग्याआधी तो एका घोटात प्यायचा, अशी त्यांची सवय. आतल्या खोलीत गेले. कॉट रिकामी. न्हाणीघराचं दार उघडं, आत कुणी नाही. कपाटासमोर त्यांच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या.

आत आहेत म्हणजे, असं मनाशी म्हणून मी कॉटवर बसले. दिवा विझेपर्यंत थांबायचं, हीच आता आमच्या हाडांना सवय झालेली. बाहेर साहेब वाचत होते. मी त्या चपलांकडे बघत होते. आणि मग माझ्या डोक्यात आलं, चहावर अशी साय यायला किती वेळ लागतो?

उठून कपाटाला कान लावला. काहीच नाही. माझ्या नवऱ्याने काम चोख केलं होतं. हाक मारावी तर लाल दिवा. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणीही माझ्या मनात लाल दिवा आला. मी तळहात दारावर ठेवला.

दार थरथरत होतं.

आवाज नव्हता, पण हाताला कळत होतं. आतून कुणीतरी मारत होतं. एक धक्का, मग बराच वेळ काही नाही. मग एक, आधीपेक्षा हलका.

"आई!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी या घरात कधी बोललेच नव्हते. "आई! थांबा, उघडते!"

कडीचा दांडा रबराच्या दाबाने कडक झाला होता. दोन्ही हातांनी धरून, पाय भिंतीला लावून मी तो खाली ओढला. दार उघडलं आणि सासूबाई स्टुलासकट माझ्या अंगावर आल्या. आतून गरम, कोंदट हवा आली. त्यांचे ओठ काळे-निळे पडले होते. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता. मी त्यांना धरून खाली बसवलं, पाठ चोळली, खिडकी उघडली. ज्या खोकल्याच्या भीतीने आमचं घर महिनाभर मुकं झालं होतं तो आता येईना. मी वाट बघत होते. "खोका, आई," मी म्हणत होते. "खोका ना!"

शेवटी खोकला आला. मोठा, घरभर वाजणारा. मी इतकी कधी कुठल्या आवाजासाठी रडले नाही.

साहेब दारात उभे होते, कानांवरचे हेडफोन गळ्यात आलेले. सासूबाईंना बोलण्याइतका दम आला तेव्हा त्यांची नजर आधी साहेबांवर गेली.

"रेकॉर्डिंग बिघडलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. "मी काहीतरी व्यवस्था करा म्हटलं होतं," ते म्हणाले. "ही व्यवस्था आहे हे मला कुणी सांगितलं नाही." ते धावत खाली गेले आणि तळमजल्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्यांनी छाती तपासली, इंजेक्शन दिलं, उद्या फोटो काढून आणा म्हणाल्या. निघताना त्या उघड्या कपाटाकडे बघून मला म्हणाल्या, "हे काय आहे?"

नवऱ्याला फोन केला तेव्हा एवढंच म्हटलं, "घरी या." तो आला, आईला बघितलं, तिच्या पायाशी बसला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलला.

"पण ती कडी आतून उघडते. मी स्वतः बघितलंय. जोराने ढकललं की उघडते. घाबरली असेल ती."

मी कपाटाकडे बोट दाखवलं.

"दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"उघडून दाखवा. आत बसा आणि ढकला."

"अगं, आत्ता हे—"

"आत्ताच."

त्याला राग आला. हाताच्या कामावर कुणी बोट ठेवलं की त्याला येतोच. तो ताडकन उठला, कपाटात शिरला, स्टुलावर बसला आणि स्वतःच दार ओढून घेतलं. कट् असा आवाज झाला.

मग काहीच नाही.

मी हाताची घडी घालून दारासमोर उभी राहिले. सासूबाई कॉटवर अर्ध्या उठल्या. साहेब खोलीच्या दारात उभे होते, ना आत ना बाहेर. आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो. दार नुसतं दार होतं, रंग दिलेलं, गुळगुळीत. आत माणूस आहे की गाद्या आहेत, काही कळायला मार्ग नव्हता.

"उघड गं," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा, आई. आतून उघडते म्हणाले ना ते?"

"ताई," साहेब म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका. दिवा लावा हवा तर."

खरं सांगते, मला त्याला तिथेच ठेवायचं होतं. चहावर साय येईपर्यंत. नवऱ्याबद्दल एवढा राग माझ्यात आहे हे मलाही माहीत नव्हतं, आणि तो फक्त त्याच्यावर नव्हता. सगळ्या हप्त्यांवर, त्या भाषणावर, फुकटच्या चहावर आणि माझ्या स्वतःच्या गप्प बसण्यावर होता.

सासूबाई उठल्या. भिंतीला धरत, खोकत, कपाटापाशी आल्या आणि दांड्याला लोंबकळल्या. त्यांच्या हातात तेवढा जोर कुठला? दांडा हलेना. "अगं, लेकरू आहे ते माझं," त्या म्हणाल्या. त्या माझ्यावर चिडल्या नव्हत्या, हेच मला सहन झालं नाही. मी त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले आणि आम्ही दोघींनी मिळून तो दांडा ओढला.

नवरा बाहेर आला तो घामाने भिजलेला. उजव्या हाताची बोटं सोलली होती, रक्त आलं होतं. म्हणजे तो दार बडवत होता. पूर्ण वेळ बडवत होता आणि आम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होतो.

तो जमिनीवर बसला. कडीकडे पाहिलं. "रबर लावायच्या आधी बघितलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा उघडत होती. रबर लावल्यावर परत बघितलंच नाही. लिफ्टच्या कडीचं कामच ते. आतल्या माणसाला मध्येच दार उघडू द्यायचं नाही."

मग त्याने आईकडे पाहिलं.

"मी ओरडत होतो. ऐकू आलं तुला?"

"नाही रे," सासूबाई म्हणाल्या.

"तुलाच हाक मारत होतो."

सासूबाईंनी त्याचा सोललेला हात आपल्या हातात घेतला आणि त्यावर फुंकर घातली. फुंकर घालता घालता त्यांना खोकला आला, तो त्यांनी दाबला नाही.

"मी पण तुलाच हाक मारत होते," त्या म्हणाल्या.

तो रडला नाही. उठला, साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. साहेबांची अनामत आमच्याकडे नाही, ती परत करायची तर कदाचित हे घरच विकावं लागेल, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"साहेब, तुम्ही दुसरी जागा बघा," तो म्हणाला. "माझ्या आईला खोकला आहे आणि ती बाहेरच्या खोलीत राहणार आहे. तिथे खिडकी मोठी आहे."